मॅडन शिकायचंय? बॉल हातात येण्याआधी काय बघायचं ते शिका

मॅडन या अमेरिकन फुटबॉलच्या व्हिडिओ गेमची पहिली मॅच मी ६३–० अशी हरलो. समोर माझा अकरा वर्षांचा भाचा होता. पाय सोफ्यावर, मांडीवर चिप्सचा पुडा, आणि दर दोन मिनिटांनी कंट्रोलर खाली ठेवून एक चिप तोंडात. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत न्यू जर्सीला ताईकडे गेलो होतो. शेवटी त्यालाच माझी दया आली. "मामा, तू फेकतोयस कुठे? तिथे आपलं कोणीच नाहीये."

खरं सांगायचं तर तिथे कोणी आहे की नाही हे बघायचं असतं, हेच मला माहीत नव्हतं. मी बॉल हातात आला की दिसेल ते बटण दाबत होतो.

मॅडन शिकवणारे बहुतेक जण बटणांची यादी हातात देतात. बटणं दोन दिवसांत बोटांना सवयीची होतात, घोडं अडतं ते दुसरीकडे. प्रत्येक डावाआधी सगळे खेळाडू ओळीत उभे असतात, बॉल जमिनीवर असतो आणि घड्याळ चालू असतं, त्या दहा-वीस सेकंदांत निम्मा निकाल लागलेला असतो. क्रिकेट बघणाऱ्याला हे समजावून सांगावं लागू नये. गोलंदाज रनअपवर परत जात असताना फलंदाज मान वळवून फील्ड बघून घेतो: फाइन लेग मागे गेला, डीप स्क्वेअरला माणूस आला, म्हणजे आखूड टप्प्याचा येतोय. मॅडन हा असा मान वळवून बघण्याचा खेळ आहे. खालचं सगळं त्याच हिशेबाने लिहिलंय.

विकत घेण्याआधी: आकड्यांचा घोळ

गेमच्या नावातला आकडा चालू सालाचा नसतो, पुढच्या सालाचा असतो. २०२५च्या ऑगस्टमध्ये आलेला गेम 'मॅडन एनएफएल २६' (एनएफएल म्हणजे अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग). इथवर ठीक. पण 'मॅडन एनएफएल २५' नावाचे गेम दोन आहेत! एक २०१३चा. मालिकेला २५ वर्षं झाली म्हणून त्या वर्षी नेहमीचा आकडा सोडून हे नाव दिलं. दुसरा २०२४चा, नेहमीच्या क्रमाने आलेला. जुना गेम घेताना नाव वाचून खूश होऊ नका. डबा उलटा करून कोणत्या कन्सोलचा आणि कोणत्या सालचा आहे ते बघा. प्लेस्टेशन ३ किंवा एक्सबॉक्स ३६०चा असेल तर तो २०१३चा.

माझं मत विचाराल तर शिकण्यासाठी गेल्या वर्षीचा गेम घ्या. नवा आला की जुन्याची किंमत बरीच उतरते, आणि दोन सलग वर्षांच्या गेममधला फरक नवशिक्याला जाणवतही नाही. संघातले खेळाडू बदललेले असतात, चार अ‍ॅनिमेशन नवीन असतात, एखादा मेन्यू इकडचा तिकडे झालेला असतो. दरवर्षी एवढ्याशा बदलांवर भागतं, कारण स्पर्धाच नाही. २००४ साली दुसऱ्या कंपनीने 'ईएसपीएन एनएफएल २के५' फक्त १९.९९ डॉलरला विकायला काढला आणि मॅडनला स्वतःची किंमत खाली आणावी लागली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मॅडन बनवणाऱ्या ईए कंपनीने एनएफएलशी करार करून खरे संघ आणि खरे खेळाडू वापरायचे हक्क एकट्याकडे घेतले. तो २के५ आजही जुने लोक डोळे मिटून आठवतात.

नियम, पोटापुरते

दोन्ही बाजूंना ११–११ खेळाडू. मैदान १०० यार्डांचं, दोन्ही टोकांना १०-१० यार्डांचे एंड झोन. ज्याच्याकडे बॉल त्याला १० यार्ड पुढे जायला चार प्रयत्न मिळतात, प्रत्येक प्रयत्न म्हणजे एक डाउन. दहा यार्ड मिळाले की पुन्हा नवीन चार. पडद्यावर '३ अँड ७' दिसलं तर तिसरा प्रयत्न आणि ७ यार्ड बाकी. बॉल समोरच्याच्या एंड झोनमध्ये नेला की टचडाउन, त्याचे ६, त्यानंतर किक मारून १ किंवा पुन्हा एंड झोन गाठून २. बॉल किक मारून खांबांमधून पाठवला की फील्ड गोल, त्याचे ३. आपलाच माणूस बॉलसकट आपल्याच एंड झोनमध्ये पाडला गेला तर समोरच्याला २.

अकरा खेळाडूंचीही एक गोष्ट आहे. ज्यांच्या नावाचा हा गेम, ते जॉन मॅडन ओकलंड रेडर्सचे प्रशिक्षक होते आणि नंतर टीव्हीवरचे समालोचक झाले. त्यांना विमानाची भीती वाटायची, म्हणून ते देशभर आगगाडीने आणि बसने फिरायचे. १९८४ साली ईएचे संस्थापक ट्रिप हॉकिन्स त्यांना अशाच एका आगगाडीच्या प्रवासात भेटले. तेव्हाच्या कॉम्प्युटरला एवढे खेळाडू झेपत नव्हते, म्हणून हॉकिन्सच्या मनात कमी खेळाडूंचा गेम होता. मॅडन हटून बसले: बावीस माणसं नसतील तर तो फुटबॉलच नाही. त्या हट्टापायी गेम रखडला आणि १९८८ साली अ‍ॅपल टूवर आला. खाली ज्या सेफ्टींची, म्हणजे सगळ्यांत मागच्या बचावपटूंची, टेहळणी करायला सांगणार आहे, ते सेफ्टी गेममध्ये आहेत ते या हट्टामुळे.

पहिल्या मॅचआधीची सेटिंग्ज

काठिण्याच्या चार पातळ्या आहेत: रुकी, प्रो, ऑल-प्रो आणि ऑल-मॅडन. रुकीवर दोन मॅचपेक्षा जास्त खेळू नका. तिथे कुठेही फेकलेला बॉल झेलला जातो आणि वाईट सवयी अंगात भिनतात. तिसऱ्या मॅचपासून प्रो.

पास देण्याच्या पद्धतीत 'क्लासिक' निवडा. अलीकडच्या गेममध्ये 'प्लेसमेंट अँड अ‍ॅक्युरसी' नावाची पद्धत आहे, त्यात बटण किती वेळ दाबायचं याचं मीटर येतं. ती चांगली आहे, पण तुमचे डोळे मीटरवर जातात आणि आपल्याला ते बचावावर हवे आहेत. दोन महिन्यांनी बदला.

क्वार्टर दहा मिनिटांचं ठेवा आणि 'अ‍ॅक्सिलरेटेड क्लॉक' चालू करा. तसं केलं की प्ले, म्हणजे त्या डावाची आखणी, निवडल्यावर घड्याळ आपोआप वीसेक सेकंदांवर येतं. ते बंद ठेवून पंधरा मिनिटांची पूर्ण क्वार्टरं खेळलात तर मॅचमध्ये खऱ्यापेक्षा कितीतरी जास्त डाव होतात, स्कोअर बास्केटबॉलसारखा फुगतो आणि तीन तास जातात.

पुढे प्लेस्टेशनची बटणं लिहिली आहेत. एक्सबॉक्सवाल्यांनी एक्सला ए, गोलाला बी, चौकोनाला एक्स आणि त्रिकोणाला वाय समजावं.

स्नॅपच्या आधी: मागची माणसं मोजा

हा भाग दोनदा वाचा.

प्ले निवडून खेळाडू ओळीत उभे राहिले की बॉल लगेच मागवू नका. बॉल मागवणं म्हणजे स्नॅप, एक्स बटण. त्याआधी आर२ दाबून धरा, आपल्या खेळाडूंचे धावायचे मार्ग रेषांनी दिसतात. ते एकदा बघितले की नजर समोरच्या संघावर न्या, आणि तीही सगळ्यांत मागे.

सगळ्यांत मागे उभे असतात ते सेफ्टी. ते किती आहेत ते मोजा. मैदानाच्या मधोमध एकच असेल तर बहुतेक 'कव्हर १' किंवा 'कव्हर ३'. दोघं असतील, एक डावीकडे आणि एक उजवीकडे, तर 'कव्हर २' किंवा 'कव्हर ४'. मागे कोणीच नसेल तर 'कव्हर ०', म्हणजे सगळे अंगावर येणार आणि बॉल तुमच्या हातात दोन सेकंदही राहणार नाही. नावातला आकडा म्हणजे खोलवर बचाव करणाऱ्यांची संख्या, बास. हे कळायला मला सहा महिने लागले. कारण मी त्या आकड्यांना क्रिकेटच्या पॉवरप्लेसारखं काहीतरी समजत होतो.

दुसरा प्रश्न: ते माणूस धरून खेळतायत की जागा धरून? एखादा रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा आपला माणूस, निवडून त्याला स्नॅपआधीच मैदानाच्या एका बाजूकडून दुसरीकडे चालत पाठवा, याला मोशन म्हणतात. समोरचा एखादा खेळाडू त्याच्या मागे मागे सावलीसारखा गेला तर तो मॅन. कोणी हललं नाही, किंवा सगळेच एक-एक पाऊल सरकले, तर झोन. कबड्डीत चढाई करणारा रेषेच्या कडेने नुसता फिरून कोण हात घालायला पुढे येतं ते बघतो, तसंच हे. हल्ला नंतर, आधी चाचपणी.

तिसरं: रेषेजवळ किती गर्दी आहे ते बघा. तुमच्या पुढच्या फळीतल्या पाच लाइनमनच्या समोर सहा-सात जण पुढे झुकून उभे असतील तर ब्लिट्झ, म्हणजे पास फेकणाऱ्यावर जास्तीच्या माणसांचा हल्ला, येतोय असं धरून चाला. एल१ने लाइनला एका बाजूला सरकवता येतं. ज्या बाजूने जास्त माणसं, त्या बाजूला सरकवा. रनिंग बॅकला, म्हणजे एरवी बॉल घेऊन पळणाऱ्याला, पासच्या मार्गावर न पाठवता अडवायला मागे ठेवा.

आणि मार्ग पसंत नसेल तर बदला. त्रिकोण, मग त्या रिसीव्हरचं बटण, मग कंट्रोलरवरची डावी काठी वर केली तर तो सरळ पळत सुटतो, खाली केली तर थोडं जाऊन तुमच्याकडे वळून थांबतो. याला हॉट रूट म्हणतात. सुरुवातीला एका डावात एकच बदल करा. मी उत्साहाच्या भरात चौघांचे मार्ग बदलत बसायचो आणि घड्याळ संपून ५ यार्डांचा दंड बसायचा.

आता एक डाव जवळून बघू. 'फोर व्हर्टिकल्स' नावाची प्ले जवळपास प्रत्येक संघाकडे असते. चार रिसीव्हर सरळ खोल धावतात, दोन कडेला, दोन आतल्या बाजूला. मागे एकच सेफ्टी दिसला आणि मोशन देऊनही कोणी मागे आलं नाही, म्हणजे अंदाज कव्हर ३चा. कडेच्या दोघांवर एकेक कॉर्नर, म्हणजे कडेचा बचावपटू, आहे. उरले आतले दोन रिसीव्हर, आणि त्यांच्यासाठी मधे एकटा सेफ्टी. तो दोघांना धरू शकत नाही. स्नॅप झाल्यावर रिसीव्हरकडे बघूच नका, त्या सेफ्टीकडे बघा. तो डावीकडे एक पाऊल गेला की उजवीकडच्या आतल्या रिसीव्हरचं बटण दाबून धरा. बटण दाबून धरलं की पास सपाट आणि वेगात जातो, नुसतं टिचकी मारलं तर उंच कमानीने जातो. इथे उंच टाकलात तर सेफ्टीला परत यायला वेळ मिळेल. आता समजा मागे दोन सेफ्टी होते. मग हेच चित्र उलटतं: दोघं सेफ्टी आतल्या रिसीव्हरांवर टपून असतात, त्यामुळे कडेच्या पट्ट्यात, कॉर्नरच्या डोक्यावरून आणि सेफ्टी पोहोचायच्या आत, एक भोक मिळतं. तेच चार मार्ग, तोच संघ, पण बॉल वेगळ्या माणसाकडे. तो निर्णय बॉल हातात येण्याआधी झालेला असतो, नंतर फक्त खात्री करायची.

पास

नवशिक्याची सगळ्यांत मोठी चूक मागे मागे पळत जाण्याची. समोरून दांडगे लोक येताना दिसले की बोट आपोआप काठी मागे ओढतं. लाइनमन तुमच्याभोवती जी भिंत उभी करतात ती पाच-सात यार्ड मागे उभ्या माणसासाठी असते. पंधरा यार्ड मागे गेलात की कडेने येणाऱ्यांना भिंतीला वळसा घालायचीही गरज उरत नाही. पाच पावलं मागे जा आणि थांबा. दबाव आला तर मागे न जाता एक पाऊल पुढे, भिंतीच्या आत या. जिवावर आल्यासारखं वाटतं, पण कडेचा माणूस तुमच्या पाठीमागून निघून जातो.

कोणीच मोकळं दिसत नसेल तर उजवी काठी आत दाबा, म्हणजे क्वार्टरबॅक, तुमचा पास फेकणारा माणूस, बॉल मैदानाबाहेर फेकतो. यात लाज नाही. दुसऱ्या डाउनला फेकून दिलेला बॉल म्हणजे एक वाया गेलेला प्रयत्न, हरवलेला बॉल म्हणजे कदाचित सात गुण.

बॉल हवेत असताना झेलायच्या तीन पद्धती आहेत. चौकोन: पळता पळता झेलणं, पुढे मोकळं मैदान असेल तेव्हा. एक्स: दोन्ही पाय आत ठेवून जपून झेलणं, कडेच्या रेषेजवळ. त्रिकोण: उडी मारून हिसकावणं, गर्दीत आणि एंड झोनमध्ये. भाचा मला सतत ओरडायचा, "मामा, ट्रँगल नको!" कारण मोकळ्या रिसीव्हरलाही मी उडी मारायला लावायचो आणि तो जमिनीवर आपटून तिथेच संपायचा.

बॉल घेऊन पळणं

आर२ म्हणजे जोरात पळणं. पण बॉल हातात आल्याबरोबर आर२ दाबू नका. आपले लाइनमन वाट करायला सेकंदभर घेतात आणि तुम्ही त्यांच्याच पाठीवर जाऊन आदळता. वाट उघडेपर्यंत चाला, उघडली की दाबा.

उजव्या काठीने हुल, गोलाने गिरकी, एक्सने हात पुढे करून ढकलणं, त्रिकोणाने उडी, चौकोनाने झेप. एकेका पळण्यात एकच चाल पुरे. दोन चाली लागोपाठ केल्या की खेळाडू जागच्या जागी नाचतो आणि मागून पकडला जातो. गर्दीत शिरताना आर१ दाबून बॉल छातीशी धरा, तो सुटणं टळतं. उडीचा मोह शेवटच्या काही यार्डांत होतोच, पण हवेत टॅकल झाला की बॉल सुटायची शक्यता वाढते.

बचाव

पहिल्या दहा मॅच बचावात फक्त पुढच्या फळीतला एक दांडगा माणूस चालवा. तुम्ही चुकलात तरी फार बिघडत नाही, कारण मागची सगळी जागा कॉम्प्युटर सांभाळतो. त्या वेळात समोरच्याची प्ले कशी उलगडते ते बघायला मिळतं. मग मधला लाइनबॅकर, म्हणजे पुढच्या फळीच्या लगेच मागचा माणूस, घ्या आणि मैदानाच्या मधोमध, दहा-बारा यार्डांवर उभे राहा. बहुतेक लोकांचा आवडता पास तिथूनच जातो.

सेफ्टी चालवायची घाई करू नका. तिथे एक पाऊल चुकलं की टचडाउन.

उजवी काठी वर ढकलून जोरदार धडक मारता येते, तिला हिट स्टिक म्हणतात. बघायला भारी वाटते, बॉलही कधी कधी सुटतो, पण चुकली तर तुमचा माणूस हवेत आणि पळणारा पसार. मागे आपलं आणखी कोणी असेल तेव्हाच वापरा. शेवटचा माणूस तुम्हीच असाल तर साधं अंगावर जाऊन धरा.

बॉल हवेत असताना त्रिकोण दाबून झेलायला जाता येतं, चौकोनाने नुसतं हाताने उडवता येतं. पुढे असाल तर त्रिकोण, मागे राहिला असाल तर चौकोन.

किक

फील्ड गोलचं अंतर काढायचा सोपा हिशेब: ज्या यार्ड रेषेवर आहात त्यात १७ मिळवा. दहा एंड झोनचे, सात किक मारणारा मागे उभा असतो त्याचे. ३०च्या रेषेवर असाल तर किक ४७ यार्डांची. किक मारताना वाऱ्याचा बाण बघा, पावसात आणखी जवळ जा.

किकऑफ, म्हणजे बॉल समोरच्यांकडे मारून खेळ सुरू करायची किक, बघून जुने खेळाडू गोंधळतात. २०२४पासून एनएफएलने किकऑफचा नियम बदलला आणि त्याच वर्षीच्या गेममध्येही तो आला. आता किक मारणारा आपल्या ३५च्या रेषेवर एकटा आणि त्याचे दहा साथीदार समोरच्यांच्या ४०च्या रेषेवर जाऊन उभे. बॉल जमिनीला किंवा तो परत आणणाऱ्या समोरच्या खेळाडूला लागेपर्यंत त्यांनी हलायचं नाही. गेम बिघडला नाहीये, खेळच तसा झालाय.

कोणता मोड, आणि पैसे कुठे जातात

'अल्टिमेट टीम' उघडू नका. म्हणजे उघडा, पण पाकीट दुसऱ्या खोलीत ठेवून. मॅडन १०पासून हा प्रकार आहे: खेळाडूंची कार्डं गोळा करून संघ बनवायचा, कार्डं पाकिटांतून येतात, आणि पाकिटं खऱ्या पैशांनीही मिळतात. पुढच्या ऑगस्टमध्ये नवा गेम आला की त्यात तुमचा संघ पुन्हा शून्यापासून. फुकट मिळणाऱ्या कार्डांवर खेळलात तर मजा आहे, पण घरातल्या मुलाच्या खात्याला बँकेचं कार्ड जोडलेलं असेल तर आधी ते काढा.

शिकायला 'फ्रँचाइझ' उत्तम. ३२ संघांतला एक घ्या, ५३ खेळाडूंचा ताफा सांभाळा, १७ मॅचचा हंगाम, मग सात फेऱ्यांचा ड्राफ्ट, म्हणजे नव्या खेळाडूंची निवड. खेळाडूंचे गुण ९९ पैकी असतात. एकूण गुणांना भुलू नका, वेग वेगळा बघा. एकूण ७८ पण वेग ९५ असलेला रिसीव्हर माणसाच्या हातात ८६ एकूण आणि ८८ वेगवाल्यापेक्षा जास्त त्रास देतो. 'अवेअरनेस' हा गुण कॉम्प्युटर चालवत असलेल्या खेळाडूला लागतो, तुम्ही चालवत असाल तर ती अक्कल तुमची. त्यामुळे जो लाइनबॅकर तुम्ही स्वतः चालवणार तो वेगवान घ्या, मूर्ख असला तरी चालेल.

याच मोडमध्ये संघ दुसऱ्या शहरात हलवता येतो. यादीत लंडन आहे, मेक्सिको सिटी आहे. नागपूर नाही, मी शोधून बघितलं.

खोडी आणि विक्षिप्तपणा

काही गोष्टी गेमच्या रक्तातच आहेत, त्यांच्यावर चिडण्यात अर्थ नाही. लाइनबॅकर पाठमोरा असतानाही अचानक हात वर करून पास अडवतो. त्यावर उपाय एकच: मधल्या पट्ट्यात, लाइनबॅकरच्या डोक्यावरून सपाट पास देऊ नका.

ऑनलाइन खेळणारे एकच प्ले पुन्हा पुन्हा खेळतात, तिला 'चीज' म्हणतात. रडू नका, तीच प्ले सरावात घ्या आणि मागची माणसं मोजून ती कुठे मोकळी होते ते बघा. चौथ्यांदा ती आली की लाइनबॅकर आधीच तिथे उभा करा.

पण काही विक्षिप्तपणा निव्वळ प्रेमाने आठवण्यासारखा. १९९१च्या सुमाराच्या 'मॅडन ९२'मध्ये खेळाडू जखमी झाला की मैदानात रुग्णवाहिका यायची आणि वाटेतल्या धडधाकट खेळाडूंनाही उडवत जायची. 'मॅडन २००४'मधला मायकेल व्हिक क्वार्टरबॅक असून त्याचा वेग ९५ होता. पास द्यायची गरजच नव्हती, बॉल घ्यायचा आणि पळायचं. मित्रांच्या खोल्यांवर त्याला घ्यायचं नाही असे तह व्हायचे. 'मॅडन ०६'मध्ये क्वार्टरबॅकच्या डोळ्यांतून टॉर्चसारखा झोत पडायचा. त्याच्या उजेडात असलेल्यालाच नेमका पास जायचा. पेटन मॅनिंगचा झोत अर्ध्या मैदानावर, सुमार क्वार्टरबॅकचा एवढासा. कल्पना हुशार होती, पण समोरच्या पडद्याकडे बघणाऱ्या मित्रालाही झोत दिसायचा, मग कसली फसवाफसवी! काही वर्षांत तो गेला.

आणि 'मॅडन १५'मधला ख्रिस्तियन कर्क्सी. क्लीव्हलंड ब्राउन्सचा हा लाइनबॅकर खरा सहा फूट दोन इंचांचा, गेममध्ये एक फूट दोन इंचांचा! गुडघ्याएवढा माणूस धावत येऊन दांडग्यांना पाडायचा. लोकांना तो इतका आवडला की कंपनीने त्याच्यावर एक खास आव्हानच बनवलं.

मुखपृष्ठाचा शाप ही तर दंतकथाच झालीय. ज्याचा फोटो डब्यावर तो जखमी होतो म्हणे. व्हिकचा पाय त्याचा गेम आला त्याच ऑगस्टमध्ये, २००३ साली मोडला. २०२४च्या मुखपृष्ठावरचा ख्रिश्चन मॅकाफ्री पहिल्या आठ मॅच खेळूच शकला नाही. पण २०१२च्या मुखपृष्ठावरच्या कॅल्विन जॉन्सनने त्याच हंगामात १९६४ यार्डांचा विक्रम केला, ते मात्र कोणी सांगत नाही. २०१५च्या सुपर बोलआधी, म्हणजे एनएफएलच्या अंतिम सामन्याआधी, कंपनीने गेमवर मॅच खेळवून भाकीत केलं होतं: पेट्रियट्स २८, सीहॉक्स २४. निकाल लागला तोही २८–२४.

शेवटची दोन मिनिटं

मागे असाल तर प्रत्येक पास कडेच्या रेषेकडे. झेलून मैदानाबाहेर गेलात की घड्याळ थांबतं. मैदानात पडलात तर त्रिकोण दाबून धरा, संघ विचारविनिमय न करता थेट ओळीत येतो. घड्याळ थांबवायचे टाइमआउट प्रत्येक अर्ध्या मॅचला तीनच, दुसऱ्या अर्ध्यातले ते तिसऱ्या क्वार्टरमध्ये उधळू नका. जवळ असाल तर फील्ड गोलचा हिशेब आधीच करून ठेवा, नाहीतर शेवटच्या सेकंदाला १७ मिळवत बसाल.

पुढे असाल, बॉल तुमच्याकडे असेल, दोनएक मिनिटं उरली असतील आणि समोरच्याचे टाइमआउट संपले असतील, तर काहीही खेळू नका. प्लेच्या यादीत 'क्यूबी नील' शोधा. बॉल घ्यायचा, गुडघा टेकायचा, घड्याळ चालत राहू द्यायचं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तेच.

पुढच्या थँक्सगिव्हिंगला मी २४–२१ने पुढे होतो, १:४१ शिल्लक. भाच्याचे टाइमआउट तिसऱ्या क्वार्टरमध्येच संपले होते. मी गुडघा टेकला.

"मामा, हे काय? खेळ ना!"

दुसऱ्यांदा टेकला. त्याने चिप्सचा पुडा बाजूला ठेवला आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "आई, मामा चीटिंग करतोय!" ताईने आतूनच विचारलं, कोण जिंकतंय. तिसऱ्यांदा टेकेपर्यंत तिला उत्तर मिळालं नाही.